बाई बसली आणि यंत्र हललं

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना माझ्याकडून 'तंजावरच्या मराठ्यांचा वैभवशाली वारसा' हवा होता. मी म्हटलं, वारसा राजवाड्यात आहे, तिकीट काढून बघता येतो. माझ्याकडे आहे तो पाने-हातोड्यांचा एक डबा आणि गुडघेदुखी. ते म्हणाले, "मग तुमच्या कामाबद्दल लिहा. पण तुमच्या तंजावरी मराठीत लिहा हं, वाचकांना गंमत वाटेल."

ही गंमत मला ठाऊक आहे. तरुणपणी काही वर्षं मी पुण्यात यंत्रांच्या एका कारखान्यात फिटर होतो. जेवणाच्या सुट्टीत मला मधे बसवून बोलायला लावत आणि डबे खाता खाता हसत. "मद्रासी असून मराठी काय छान बोलता हो," म्हणणारेही भेटले. मी मुकाट्याने त्यांची मराठी शिकून घेतली आणि तीच इथे लिहितो आहे. आमची माणसं बोलतील तेव्हा ती आपल्या पद्धतीने बोलतील. माझ्या घरात हे कोणी वाचणार नाही. सुनेला देवनागरी येत नाही, नातवंडांना मराठी समजतं पण ती उत्तर तमिळमध्ये देतात. तेव्हा बेधडक लिहायला हरकत नाही.

पुण्याहून परतल्यावर जन्मभर मी एकच धंदा केला. लोकांची जुनी यंत्रं पुन्हा चालती करायची. तेलाचा घाणा, भाताची गिरणी, उसाचा चरक, लेथ, काहीही. गिऱ्हाइकं सगळी तऱ्हेवाईक. जवळच्या पापनाशमचा एक गिरणीवाला यंत्राचं दुखणं स्वतःच्या आईचं दुखणं असल्यासारखं सांगायचा. सकाळी बरं असतं, जेवणानंतर घरघर लागते, अमावस्येला वाढतं. आणि शेवटी म्हणायचा, "उघडू मात्र नका. बाहेरूनच काय ते बघा." एका तंत्रशाळेत मला नवाकोरा लेथ प्लास्टिकच्या आवरणासकट गंजलेला सापडला. खराब होईल म्हणून तो कोणी चालवलाच नव्हता. तपासणीला साहेब येणार होते, म्हणून मला बोलावलेलं. लेथ चालवून द्या असं त्यांचं म्हणणं नव्हतंच, चमकवून द्या एवढंच होतं. मी चमकवून दिला. पोट कोणाला चुकलंय?

यंत्रं मोडतात ती बहुधा माणसाने त्यांच्यावर केलेल्या उपकारांमुळे. वापरून झिजलेलं यंत्र सरळ असतं, काय झिजलं ते दिसतं. जपलेलं, पूजलेलं, रंगवलेलं यंत्र मात्र मेकॅनिकला रडवतं. याचा सगळ्यात मोठा नमुना मला तुळसाबाईंच्या मिलमध्ये भेटला, तोच सांगतो.

तंजावरहून तिरुवैयारुला जाणाऱ्या रस्त्याला पंचापकेशरावांची लाकूड कापायची मिल होती. माणूस आमच्यापैकीच. नाव तिरुवैयारुच्या देवाचं, आणि एवढं लांब की पाटीवर दोन ओळींत बसवावं लागलं होतं. लोक पंचूराव म्हणत. पंचूराव छातीच्या विकाराने गेले. मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची बायको तुळसाबाई मिलचं कुलूप उघडून नवऱ्याच्या खुर्चीवर बसली. आमच्या समाजात हे कोणी केलं नव्हतं. बायका शिकवायला जात, बँकेत जात, पण ओंडक्यांच्या ढिगात, भुशात, मजुरांवर ओरडत बसणारी विधवा कोणी पाहिली नव्हती.

मिलमध्ये यंत्र एकच, बँडसॉ. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकावर एक अशी ओतीव लोखंडाची दोन मोठी चाकं असतात. खालचं मोटर फिरवते, वरचं त्याच्यामागे फिरतं. दोन्हींवरून दात पाडलेली पोलादी पट्टी ताणून बसवलेली, टोकं जोडून अखंड केलेली. शिलाई मशीनचा पट्टा पाहिलाय ना, तसंच, फक्त या पट्ट्याला दात आहेत. पट्टी वरून खाली धावते आणि ओंडका रुळांवरच्या गाडीवरून तिच्याकडे ढकलायचा. बाकीची सगळी कला ही पट्टी आपल्या जागेवर ठेवण्यात आहे. चाकं एका रेषेत हवीत, ताण नेमका हवा आणि चाक फिरताना थरथरता कामा नये. चाक थरथरलं की पट्टी वाट सोडते. फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघते आणि गिऱ्हाईक मुकाट्याने दुसऱ्या मिलचा रस्ता धरतं.

पंचूरावांचा बँडसॉ इंग्रजी अमदानीतला, विलायती. त्यांच्या हयातीत त्याचा आवाज रस्त्यावर सुद्धा येत नसे. तुळसाबाईंनी पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि यंत्र थरथरू लागलं. अगदी पहिल्याच दिवशी, पहिल्याच ओंडक्याला. यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर पंचाईत झाली.

"बाई बसली आणि यंत्र हललं." हे वाक्य पंचूरावांचे धाकटे भाऊ सेतूराव यांनी तयार केलं आणि गावभर वाटलं. लग्नात अक्षता टाकताना, श्राद्धाच्या पंगतीत वडा मागून घेताना, बसमध्ये, न्हाव्याकडे. (हे कधी लिहिलं तर चालेल, अशी परवानगी तुळसाबाईंनी पुढे एकदा मला दिली होती ती "भाउजींचं नाव बदला" या अटीवर. नाव बदललं आहे. स्वभावाचं माझ्याने काही करवलं नाही.) सेतूरावांची पापनाशमला भातशेती होती. पण ते दिवस असे होते की नुसतं भात पिकवणाऱ्याला स्वतःची लाज वाटू लागली होती. दिल्लीने दारं उघडली म्हणत होते. आमच्याकडे त्या दारातून आधी पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले, मग रंगीत टीव्ही, मग मलेशियाचं लाकूड आणि मग फायनान्स कंपन्या, ज्यांत घातलेले पैसे पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, दुप्पट होणार होते. सेतूरावांनी एक बूथ घातला होता, एका कंपनीत भागी केली होती आणि आता त्यांची नजर मिलच्या जागेवर होती. तिथे एसी कल्याण मंडपम, म्हणजे मंगल कार्यालय, बांधायचं होतं. लोकांना पोटभर लाकूड नसलं तरी चालेल, थंडगार लग्न हवं, असा त्यांचा अभ्यास होता.

विधवेने लोखंडाच्या यंत्राजवळ बसू नये असं शास्त्र आहे, असंही ते सांगत. कुठल्या शास्त्रात, असं विचारलं की शास्त्र फार मोठं आहे म्हणत. दरवर्षी आयुधपूजेला, म्हणजे नवरात्रात यंत्रांची पूजा होते त्या दिवशी, सेतूरावांची बायको पापनाशमहून येऊन बँडसॉला चंदन-कुंकू लावत असे. तुळसाबाई तोवर बाहेर ओंडक्यांच्या ढिगापाशी उभ्या राहत. पूजा संपली की आत येऊन सगळ्यांना चुरमुरे आणि डाळ्यांचा प्रसाद वाटत. वाटायला मात्र शास्त्राची हरकत नव्हती.

अखेर घरातल्या वडीलधाऱ्यांनी निवाडा केला. येत्या आयुधपूजेपर्यंत यंत्र सुधारलं तर मिल बाईंकडे. नाही तर यंत्र भंगारात, जागा सेतूरावांकडे आणि तुळसाबाई पापनाशमला दिराच्या घरी मागच्या खोलीत. वडीलधाऱ्यांना हा निवाडा फार उदार वाटला. खोलीला पंखा होता, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तुळसाबाई माझ्या घरी आल्या. उंच, काटक बाई, पदरावर भुसा.

"अण्णा, माझं यंत्र येऊन पाहाल की?"

"पाहीन. काय होतं त्याला?"

"काय होतं ते सारं गाव सांगतं. मज एकच जाणून घ्यायचं आहे. दोष यंत्राचा, की माझा? यंत्राचा असला तर सुधरून द्या. माझा असला तर तसं सांगा. मी उगी जाऊन पापनाशमास बसतें."

मी म्हटलं, "कोण बसलंय ते बघून हलणारं यंत्र मी अजून पाहिलेलं नाही, बाई. सापडलं तर पुण्याच्या कारखान्याला कळवीन, ते भरपूर विकतील." त्या हसल्या नाहीत. तेव्हा मला कळलं की या बाईला मनातून खरंच वाटू लागलं आहे की दोष आपला आहे. मला सेतूरावांचा पहिला राग आला तो तेव्हा.

मी मिलमध्ये गेलो तेव्हा सेतूराव आधीच हजर होते. लुंगीसारखी नेसलेली पांढरीशुभ्र वेष्टी, हातात कॉफीचा डबरा, म्हणजे पसरट वाटी, आणि तीत उभा टंबळर, म्हणजे पेला. बोलण्याची सुरुवात नेहमी तमिळ 'सरी'ने, म्हणजे 'बरं'ने.

"सरी, आलांत? मशीन बी म्हातारं, मेकॅनिक बी म्हातारा. पाहा, मी दाखवतों." त्यांनी कॉफीने भरलेला टंबळर बँडसॉच्या टेबलावर ठेवला आणि बटण दाबायला लावलं. टंबळर जागच्या जागी टकटकला, मग चालू लागला, टेबलाच्या कडेपर्यंत शिस्तीत गेला आणि सेतूरावांच्या वेष्टीवर पडला. त्यांना आनंद आणि चटका दोन्ही एकदम झाले. "पाहिलांत की! पाहिलांत की!" म्हणत ते नळाकडे पळाले.

माझ्याआधी या रोग्याकडे बरेच वैद्य येऊन गेले होते. बेअरिंगवाल्याने इतक्या वेळा बेअरिंग बदललं होतं की त्याच्या दुकानावर माडी चढली, असं मिलमधले लोक म्हणत. एकाने पाया फोडून नवं काँक्रीट ओतलं. एकाने खाली लॉरीच्या टायरचे तुकडे घातले, त्यावर यंत्र थरथरायचंही आणि डुलायचंही. सेतूरावांनी स्वतः होम करवला होता. दृष्ट लागू नये म्हणून दारावर राक्षसाचं तोंड काढलेला भोपळा टांगला होता, तो यंत्राच्या थरथरीने एकदा मजुराच्या डोक्यात पडला. एवढं झाल्यावर तरी कोणी चाकाकडे बघायचं, पण चाकाला दरवर्षी नवा रंग लागे आणि ते इतकं झकास दिसे की त्याच्यावर संशय घ्यायला मन होत नसे.

मीही काही वेगळा निघालो नाही. आधी पट्टी उतरवली, डिंक आणि भुसा खरवडून काढला, जुनं घट्ट झालेलं ग्रीस धुतलं आणि बेअरिंगच बदललं. शहाणा कुठला! मग टायरचे तुकडे काढून यंत्र पायावर नीट बसवलं. ओळंबा सोडून वरचं आणि खालचं चाक एका रेषेत आणलं. पट्टीच्या दोन्ही बाजूंना तिला आवरून धरणारे लाकडी ठोकळे असतात, ते झिजले होते, नवे करून घातले. पट्टीला धार लावली. यंत्र बरंच शहाण्यासारखं वागू लागलं, पण थरथर गेली नाही. सेतूराव रोज संध्याकाळी मोपेडवरून येत आणि दारातूनच विचारत, "पेशंट कसा आहे?" मंडपमचा नकाशा त्यांच्या काखेत असे. आयुधपूजा जवळ येत चालली होती आणि मला झोप लागेना.

शेवटी मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. पट्टी काढली आणि वरचं चाक हाताने हळू फिरवून सोडून दिलं. थांबलं तेव्हा खाली आलेल्या जागी खडूने खूण केली. पुन्हा फिरवलं. खूण खाली आली. उलट्या दिशेने फिरवलं. खूण खालीच. म्हणजे चाकाची ती बाजू जड. जड बाजू खाली ओढते, वेगाने फिरताना तीच बाजू साऱ्या यंत्राला हिसडे देते.

आता या चाकांची एक गोष्ट सांगतो. ओतीव चाक साच्यातून कधीच समतोल निघत नाही. कुठेतरी धातू जास्त झालेला असतो. म्हणून कारखान्यात ते असंच फिरवतात, जड बाजू शोधतात आणि तिथे भोकं पाडतात. भोकाने वजन कमी होतं, चाक समतोल होतं. पुण्याला मी काही वर्षं हेच काम केलं. हसणारे हसत आणि मी भोकं पाडत असे. तेव्हा या चाकालाही जड बाजूला भोकं असायलाच हवी होती. मी हात फिरवला. भोक एकही नाही. चाक सपाट, गुळगुळीत, चकाकतं हिरवं.

मी पत्रा घेऊन रंग खरवडू लागलो. हिरव्याखाली लाल निघाला, लालखाली चंदेरी, मधेमधे वाळलेलं चंदन आणि कुंकू. प्रत्येक आयुधपूजेचा एक थर. सर्वांत खाली काळं लोखंड लागलं आणि त्यात, खडूच्या खुणेच्या अगदी बाजूला, एका ओळीत पिवळ्याधमक गोल टिकल्या. भोकं होती. कोणीतरी ती धातू ओतून बुजवली होती, आणि धातू साधा नव्हता.

मी तुळसाबाईंना हाक मारली. त्या आल्या, वाकून बघितलं आणि तिथेच ओंडक्यावर बसल्या.

"हे पंचलोह," त्या म्हणाल्या. "स्वामीमलैच्या स्थपतीचं काम. मूर्ती ओततात ते."

"इथे कसं आलं?"

"ह्यांनी करविलं." नवऱ्याचं नाव त्या घेत नसत. "छातीचं दुखणं वाढलं तेव्हां जोशांनी पत्रिका पाहून सांगिटलें, तू भोकं पडलेल्या वस्तूची पूजा करतोस, मणून तुझा जीव तिथून गळतो. भंगलेली मूर्त पुजत नाहींत, तसं हेही. मग ह्यांनी स्वामीमलैहून माणूस आणविला. पूजेच्या आदल्या दिवशी. मूस, कोळसे सारं घेऊन आला होता. मी त्यास पोंगलाचा भात करून घातलें." त्यांनी पदरावरचा भुसा झटकला. "भोकं बुजली मणून ह्यांस किती बरं वाटलं, सांगूं. त्या रात्री जेवले."

"आणि मग यंत्र कधी चालवलं?"

"चालविलंच नाहीं. पूजेनंतर हे अंथरुणास लागले. पोंगलाच्या आधी गेले. त्यानंतर मीच उघडलें."

आधी मला हसू आलं, आणि मी हसलो. काम इतकं सुबक होतं! देवाचा धातू, देव घडवणाऱ्या हातांनी ओतलेला, आणि पंचलोह ओतीव लोखंडाहूनही जड. म्हणजे विलायतेत कोणीतरी काळजीपूर्वक काढलेलं वजन पंचूरावांनी व्याजासकट परत भरलं होतं, सोवळ्याने, चंदन लावून. आणि त्यावर रंग मारून वर्षानुवर्षं त्याची पूजा चालली होती. मग तुळसाबाईंकडे लक्ष गेलं आणि माझं हसू गेलं. मरायला घाबरलेल्या माणसाने जे सुचलं ते केलं होतं. त्याची कीव आली. त्या जोश्याला मात्र त्याच चाकाला बांधून फिरवावं असं वाटलं.

"मणजे," तुळसाबाईंनी सावकाश विचारलं, "मी बसण्याआधींच?"

"आधीच. तुम्ही फक्त बटण दाबलंत. दुसऱ्या कोणी दाबलं असतं तर त्याच्या नावाने गाव बोललं असतं."

त्या ओंडक्यावरून उठल्या. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "काढा. पण तुकडे टाकूं नका. मज द्या."

भोकं आरपार होती, त्यामुळे मागून ठोकर लावून एकेक गुडदी निघाली. पेढ्याएवढे पिवळे तुकडे. तुळसाबाईंनी ते पदरात घेतले, मिलच्या ऑफिसात ताटलीत घालून नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवले. मी चाक पुन्हा फिरवलं. खूण एकदा वर थांबली, एकदा आडवी, एकदा खाली. चाकाला आता कुठेही थांबलं तरी चालत होतं. पट्टी चढवली, ताण दिला, बटण दाबलं. ऐकू आला तो मोटरचा आवाज आणि पट्टीची सळसळ. मिलमधले मजूर काम सोडून बघत राहिले.

पण वडीलधाऱ्यांना दाखवायचं म्हणजे नुसतं रिकामं यंत्र फिरवून भागणार नव्हतं. तुळसाबाई स्वतः चालत वीणा करणाऱ्या आसारींकडे, म्हणजे सुतारांकडे, गेल्या. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची. त्यातली एकांड वीणा म्हणजे सबंध एकाच ओंडक्यातून कोरलेली, जोड कुठेच नाही. आसारी पूर्वी पंचूरावांचे गिऱ्हाईक. थरथरणाऱ्या पट्टीने त्यांचा एक ओंडका नासवला तेव्हापासून ते मिलकडे फिरकले नव्हते. त्यांच्याकडे फणसाचा एक जुना ओंडका होता, वर्षानुवर्षं सावलीत सुकवलेला, आणि तो कापायला ते कोणावरच विश्वास ठेवत नव्हते. बाईंनी त्यांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. ठरल्या दिवशी ओंडका आला, आसारी आले, वडीलधाऱ्यांपैकी दोघे आले आणि कॉफीचा डबरा घेऊन सेतूरावही आले.

आसारींनी आधी रिकामं यंत्र चालवायला लावलं आणि त्याच्या खांबाला कान लावून उभे राहिले. लोक सतार-वीणा ऐकतात तसं. मग तमिळमध्ये एवढंच म्हणाले, "आता हे गप्प आहे," आणि ओंडका गाडीवर चढवायची खूण केली. सेतूरावांनी सवयीने टंबळर टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला होता. ओंडका मधोमध चिरत गेला, पिवळा भुसा उडाला, फणसाच्या लाकडाचा वास सुटला आणि पार दुसऱ्या टोकाला पट्टी जिथे निघायची तिथेच निघाली. आसारींनी दोन्ही अर्धुकं एकमेकांवर ठेवून फट बघितली आणि दुसऱ्या ओंडक्याची तारीख मागितली. टंबळर जागचा हलला नव्हता. कॉफी थंड झाली होती.

सेतूराव पहिले सावरले. "पाहिलांत की! मी होम करविलों त्याचं फळ. जरा उशिरा लागलं, पण लागलं. होमास कधींकधीं वेळ लागतो." एक वडीलधारे मान डोलावू लागले. माझ्या तोंडाशी चार शब्द आले होते, ते सभ्य नव्हते.

तुळसाबाई आत गेल्या आणि ताटली घेऊन आल्या. ती त्यांनी टंबळरशेजारी ठेवली.

"भाउजी, हे तुमच्या अण्णांनी ह्या चाकांत भरविलेलं. जोशांच्या सांगण्यावरून. ह्याच्यानें यंत्र हलत होतं. मी बसल्यानें नव्हें. इतकीं वर्षं जें मज बोललांत तें आतां ह्यांस बोला. मी ऐकतें उभी राहून."

वडीलधाऱ्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. आसारींना मराठी येत नव्हतं, पण तेही भिंतीकडे बघू लागले. सेतूरावांनी एक तुकडा उचलला, ओळखला, पुन्हा ठेवला. मग म्हणाले, "अण्णांनी केलं मणजे कांहीं तरी कारण असेल."

मला अजून ते वाक्य आठवलं की मजा वाटते. बाईचा दोष असताना कारण कोणी शोधलं नव्हतं. भावाचा निघाल्यावर लगेच कारण सापडायला हवं होतं.

"कारण होतं," तुळसाबाई म्हणाल्या. "जगायचं होतं त्यांस." आणि त्यांनी ताटली उचलली.

सेतूराव नकाशा घेऊन मोपेडवर बसले. तो मंडपम कधी झाला नाही. ते पैसे त्यांनी फायनान्स कंपनीत घातले आणि कंपनीने एका सकाळी शटर उघडलंच नाही. एसटीडी बूथ मोबाईलने खाल्ला. मिलची गोष्ट वेगळी. ती तुळसाबाईंच्या हयातभर चालली. माझा धंदा मात्र संपत आला. नवी यंत्रं बंद डब्यात येतात, बिघडली की डबा बदलायचा. त्यांना भोकंही पाडता येत नाहीत आणि बुजवताही येत नाहीत. याचं मला वाईट वाटतं, हे कबूल.

यंत्र सुधारलं त्या वर्षीच्या आयुधपूजेला मला बोलावणं होतं. यंत्र धुऊन पुसून ठेवलेलं, दाराला केळीचे खांब, आंब्याची पानं, समोर चुरमुऱ्यांची रास. या खेपेला रंग लावायचा नाही असं मी बजावलं होतं, त्यामुळे चाक काळं आणि उघडं होतं, भोकं स्पष्ट दिसत होती. गुरुक्कळांना, म्हणजे पूजा सांगायला आलेल्या पुजाऱ्यांना, ते आवडलं नाही. "भोकांवर निदान फुलं तरी ठेवा," ते म्हणाले. "अशी उघडी बरी नव्हेत."

"दिसूं देत," तुळसाबाई म्हणाल्या.

पापनाशमहून कोणी आलं नव्हतं. चंदनाची वाटी आणि कुंकवाची वाटी ताटात तयार होती आणि ते ताट कोणी उचलायचं हे कोणालाच ठरवता येईना. मजूर खाली बघत होते. गुरुक्कळ पुन्हा पुन्हा मंत्राची सुरुवात करून थांबत होते. तुळसाबाई ओंडक्यांच्या ढिगापाशी गेल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, ताट उचललं आणि चाकाजवळ गेल्या. पहिल्या भोकाच्या कडेला चंदनाचं बोट लावलं. मग बोट कुंकवात बुडवलं. किती वर्षांनी ते बोट कुंकवात गेलं असेल, माझ्या मनात आलं. माझे डोळे भरून आले, आणि भुसा गेला असं मी शेजारच्याला सांगितलं.

त्यांनी भोकाच्या काठाशी कुंकू टेकवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "अण्णा, ह्या कुंकवाचं वजन यंत्रास चालंल की?"

मी म्हटलं, "चालेल. फक्त पुढच्या वर्षी आधीचं पुसा आणि मग नवं लावा."

"सरी," म्हणून त्या पुढच्या भोकाकडे वळल्या.